नवं व्हायोलिन वाजत नाही, म्हणजे ते बोगस नव्हे

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नव्या व्हायोलिनचा आवाज आला नाही तर ते बोगस समजा, नाहीतर गजाला खोबरेल तेल लावून पाहा.’ दोन्ही चूक.

गजाला, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या काठीला, घोड्याच्या शेपटीचे केस असतात. नवे असताना ते तारेवरून नुसते घसरतात. त्यांना राळ, म्हणजे दुकानात मिळणारं रोझिन, चोळावं लागतं. त्याच्या चिकटपणामुळे केस तारेला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात आणि तार बोलू लागते. पहिल्यांदा सढळ हाताने चोळा. राळेची वडी फारच चकचकीत असेल तर आधी तिच्यावर बारीक सँडपेपर फिरवा. तेल चुकूनही नको. केस वाया जातात आणि गजाला नवे केस बसवून घ्यायचा खर्च बसतो.

घोडी, म्हणजे तारांना उचलून धरणारी लाकडी पट्टी (ब्रिज), आडवी पडलेली दिसली तरी घाबरू नका. ती चिकटवलेली नसतेच, तारांच्या दाबाने उभी राहते. व्हायोलिनच्या पोटात उभी असलेली लाकडी काडी पडली असेल तर मात्र तारा सैल करून जाणकाराकडे न्या.

आणि आपला मे महिना! कोरड्या हवेत तारा ताणायच्या खुंट्या सैल पडून स्वर उतरतो, कूलरसमोर ठेवलं की त्याच खुंट्या ओलीने आवळून बसतात. हाही वाद्याचा दोष नव्हे.