क्रूझवर सकाळी चांगली कॉफी कशी मिळवायची : सर्वांसाठी उपयुक्त मार्गदर्शन

तर तुम्ही पोर्टो रिकोतल्या सॅन हुआनहून निघणारी सदर्न कॅरिबियनची क्रूझ बुक केलीय, आई-बाबा पुण्याहून खास आलेत, बाल्कनीची खोली घेतलीय, आणि आता रोज पहाटे त्या बाल्कनीत बसून समुद्राकडे बघत वाफाळती कॉफी प्यायचं स्वप्न रंगवताय. छान. हा फोटो कंपनीच्या वेबसाइटवर आहेच, तो डाउनलोड करून ठेवा, पुढे धीर द्यायला कामी येईल.

पहिलं म्हणजे, कॉफी इन्क्लुडेड आहे. जेवण, पूल, रात्रीचा शो, सगळं इन्क्लुडेड आहे असं तुम्ही गावभर सांगून झालात ना, मग इन्क्लुडेड कॉफी वर चांगलीही असावी हा कसला हावरटपणा. ती मिळते वरच्या डेकवरच्या बुफेत. सकाळी सहाला जा, तुमच्याआधी निम्मं जहाज तिथे पोचलेलं असेल, कारण क्रूझवर उशिरापर्यंत झोपायचं ठरवून आलेली सगळी माणसं पाचला जागी होतात. बऱ्याच जहाजांवर ही कॉफी दाट अर्क आणि गरम पाणी मशीनमध्ये एकत्र होऊन नळातून येते, म्हणजे बिया, दळण, वास वगैरे जुनाट भानगडी तुमच्या वाट्याला येतच नाहीत. नळ दोन असतात. एकावर केशरी पट्टी किंवा केशरी हँडल दिसलं की आपला मराठी हात आपसूक तिकडेच जातो. जाऊ द्या. अमेरिकेत केशरी म्हणजे डीकॅफ, कॅफीन काढून टाकलेली कॉफी, सांका नावाच्या जुन्या ब्रँडच्या केशरी लेबलमुळे ती खूण पडली ती पडलीच. त्यामुळे दोन मग रिचवूनही बाबा डेकचेअरवर घोरायला लागले तर घाबरून डॉक्टरांना फोन करू नका, आधी नळाचा रंग विचारा.

चव सपक लागली तर पाण्याला दोष देता येतो, आणि तो द्यावा, कारण त्याने आपण जाणकार दिसतो. मोठ्या जहाजांवर बरंचसं गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यातून बनवतात, वाफ करून नाहीतर रिव्हर्स ऑस्मोसिसने. त्यात पाण्यातले क्षार जवळपास सगळे निघून जातात, मग थोडे परत घालतात आणि क्लोरीनही टाकतात. आता कॉफी नीट उतरायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं हे खरंय. पण हे सगळं बुफेच्या रांगेत मागच्या टेक्सासच्या काकांना समजावून सांगा, तेवढ्यात कॉफी थंड होईल आणि चवीचा प्रश्न आपोआप मिटेल.

दुधाचं जरा बोलायला हवं. आईला कॉफी लागते ती पूर्ण दुधातली, उकळलेली, वर जायफळ घातलेली, आणि साय आली तर ती बाजूला काढून बाबांना. इथे नळाशेजारी बर्फात बोटभर प्लास्टिकच्या डब्या असतात, त्यात अर्धं दूध अर्धी क्रीम. गरम दूध मागितलं की समोरचा मनुष्य इतक्या प्रेमाने हसतो की आपल्यालाच वाटतं काहीतरी भलतंच मागितलं. आईला सांगा, चार डब्या ओत, काही नाही होत. चार डब्यांनी कॉफीचा रंग बदलतो आणि तापमानही. मग ती एक घोट घेऊन कप बाजूला ठेवेल, "बरी आहे" म्हणेल, आणि त्या "बरी आहे" चा अर्थ तुम्हाला पुढचा आठवडाभर पुरेल.

आता बाल्कनीवाल्या फोटोचं. रात्री दाराबाहेर रूम सर्व्हिसचं कार्ड लटकवा, कॉफीपुढे टिक करा, अर्ध्या तासाचा एक स्लॉट निवडा. साडेसहा ते सात निवडलंत तर ट्रे नेमका बाथरूममध्ये साबण डोळ्यात गेल्यावर येतो. शिवाय फोनमधलं घड्याळ बेटाचं आणि जहाजाचं घड्याळ जहाजाचं, दोन्हीत तासाचा फरक पडला की कॉफी आधीच येऊन गेलेली असते. पण ट्रे सुंदर असतो. फोटो त्याचाच काढा.

दोन दिवस हे झालं की तिसऱ्या दिवशी तुम्हाला तो वास येईल. खालच्या डेकवर, अगदी जाता-येता रस्त्यात, पितळी नळ्यांचं एस्प्रेसो मशीन लावलेला काउंटर असतो. तिथे खऱ्या बिया दळतात, दूध खरंच तापवतात. हा काउंटर इन्क्लुडेड नाही. इथे तुमचं खरं शिक्षण सुरू होतं. एका लाते कॉफीचे पाच-सहा डॉलर, त्यावर 18-20 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, आपोआप, आणि तुमच्या डोक्यात लगेच रुपयांचा हिशोब. ज्या माणसाने चार जणांच्या तिकिटाचे हजारो डॉलर एका क्लिकवर भरले तोच माणूस या काउंटरसमोर उभा राहून "एवढ्यात पुण्यात वाडेश्वरला चौघांचा नाश्ता होतो" म्हणतो. म्हणाच. जगभरात हा धंदा असाच चालतो, 2010 मध्ये अल्युअर ऑफ द सीज या जहाजावर समुद्रातलं पहिलं स्टारबक्स उघडलं तेव्हापासून तर ब्रँडसकट चालतो. फुकटची कॉफी इतकीच वाईट ठेवायची की माणूस तक्रार न करता जिना उतरेल, हे फार नाजूक कौशल्य आहे, त्याची दाद द्यायला शिका. पॅकेजही मिळतं, त्यात पैसे वसूल करायला रोज इतकी कॉफी प्यावी लागते की रात्रीचे सगळे शो जागेपणी बघून होतात.

पण तुम्ही कसले ऐकताय, तुम्ही केटल आणणार. अमेरिकन कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर केटल, इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड, काहीही तापणारी वस्तू खोलीत चालत नाही, कारण भर समुद्रात आग लागली तर पळून जायला गल्ली नसते. नियम साधा आहे, म्हणूनच तो दुसऱ्यांसाठी आहे. आईने केटल चकलीच्या डब्याखाली, साडीत गुंडाळून, वर मेतकुटाची पिशवी ठेवून पॅक केलेली असते. एक्स-रे मशीनला साडीबद्दल आदर नसतो. बाकी सगळ्यांच्या बॅगा खोलीच्या दाराशी येतात, तुमची येत नाही, आणि मग खाली एका टेबलापाशी गणवेशातला माणूस केटल हातात धरून विचारतो, ही तुमची का. नाही म्हणा. आई मागून "अरे आपलीच आहे ती" म्हणणारच आहे.

जरा बुद्धिमान मार्ग म्हणजे स्टीलचा फिल्टर, माटुंग्यात मिळतो तो. वीज लागत नाही, रात्री बुफेतलं गरम पाणी थर्मासमधून आणायचं, चिकरीवाली पावडर दाबून भरायची, सकाळपर्यंत डिकॉक्शन तयार. फक्त एवढंच की गरम दूध पुन्हा कुठून, हा प्रश्न पुन्हा त्या हसऱ्या माणसापाशीच येतो.

तर त्या माणसाकडे वळू. कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. बुफेत शिरल्याशिरल्या कॉफी शोधू नका, 'इंडिया' शोधा. गोव्यात पिढ्यान्पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, आहेत, कोकणातले आहेत, मुंबई-वसईचे आहेत, कुणी ना कुणी सापडतोच. सापडला की सोडायचं नाही. "कुठले तुम्ही? मडगाव? अरे वा, आमचा साडू मडगावला असतो." एवढं नातं जुळलं की हक्काने सांगा, जरा आपल्यासारखी कॉफी करून आण ना, दूध जास्त, साखर जास्त, आणि एक बिनसाखरेची. समोर रांग असली तरी चालेल, तो आपला आहे, रांग त्यांची आहे. तो सहा-आठ महिन्यांच्या काँट्रॅक्टवर आलाय, आठवड्याचे सातही दिवस उभा असतो, आंतरराष्ट्रीय कायदा त्याला चोवीस तासात किमान 10 तास विश्रांती द्या म्हणतो आणि त्यात झोप, आंघोळ, घरी फोन सगळं बसवायचं असतं, असल्या गोष्टीत पडू नका. सुट्टीत कसलं टेन्शन घ्यायचं. तो खरंच कुठूनतरी गरम दुधाची कॉफी आणेल. तुम्ही ती पिऊन म्हणा, "घरच्यासारखी नाही, पण ठीक." टिपचं तिकिटातच कापलंय ना, मग झालं.

बंदरांवर उतरलात तर काय प्याल याचं मार्गदर्शन फार लागत नाही, कारण जहाज जिथे जातं तिथली कॉफी जहाजावर येत नाही. मार्टिनिक बेटाचंच बघा. 1720 च्या दशकात द क्ल्यू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने कॉफीचं एक रोपटं जहाजातून इथे आणलं, वाटेत पाणी संपत आलं तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी त्याला घातलं, असं त्यानेच सांगून ठेवलंय. त्याच समुद्रातून, त्याच बेटाला, तुम्ही नळाची कॉफी पीत पोचता. उतरून बंदराजवळ एखादी कॉफी प्या म्हटलं असतं, पण तुम्हाला अडीचपर्यंत बीचवर फोटो काढून जहाजावर परतायचंय, लंच इन्क्लुडेड आहे.

ग्रेनाडाला मात्र आईला पुढे करा. या देशाच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. 2004 च्या इव्हान वादळाने तिथली बरीचशी झाडं झोपवली तरी सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर बायका अजूनही जायफळाच्या पिशव्या आणि मसाल्यांच्या माळा विकतात. इथे आईच्या चेहऱ्यावर आख्ख्या ट्रिपमध्ये पहिल्यांदा तेज येईल, ती मराठीत भाव करेल आणि भाव होईलही. ताजं जायफळ, वर लाल जावित्रीची जाळी, वास असा की तुम्हीही गप्प व्हाल. जहाजावर परत आल्यावर ती ते उगाळायला सहाण मागेल. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा आणि मागा. रांगा दोन आहेत, लांबवाली केटल परत मागणाऱ्यांची आहे, तिच्यात उभे राहू नका.