मागचा ब्रेक नुसत्या व्यासावर विकणाऱ्यांची चीड

मोटारीच्या मागच्या चाकांना मोठी ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक लावताना दोन्ही बाजूंनी दाबली जाणारी धातूची चकती) घरच्या घरी बसवायची असे ठरवले की सर्वांत आधी समोर येतो तो विक्रेत्याचा ठाम दावा: किटमध्ये डिस्क, ब्रॅकेट आणि बोल्ट आहेत, जुने काढा, नवे लावा, काहीही कापावे किंवा बदलावे लागणार नाही. हा दावा बहुतेक वेळा धादांत खोटा असतो, आणि तो ब्रेकसारख्या वस्तूबद्दल इतक्या बेफिकिरीने केला जातो याचा मला मनस्वी संताप येतो. सीटचे कव्हर नीट बसले नाही तर फार तर पैसे वाया जातात. मागच्या ब्रेकचे गणित चुकले तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही.

या किटांच्या जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो, तो डिस्कच्या बाहेरील व्यासाचा. डिस्क बसेल की नाही हे त्या आकड्यावरून कधीच ठरत नाही. हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसते त्या भागावर, बसणाऱ्या टोपीची (डिस्कच्या मधल्या उंचवट्याची) खोली किती, मधल्या भोकाचा व्यास किती, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास किती, डिस्कची जाडी किती, यावर सगळे अवलंबून असते. टोपीची खोली दोन-तीन मिलिमीटरने जरी चुकली तरी डिस्क कॅलिपरच्या (डिस्कला चिमट्यासारखा दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटच्या मधोमध येत नाही, एका बाजूचा पॅड, म्हणजे डिस्कवर घासणारी अस्तराची पट्टी, आत कोंबावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. ही मापे कारखान्यात डिस्क घडवताना रेखाचित्रात लिहिलेलीच असतात. ती पाकिटावर छापायला कसलाही जास्तीचा खर्च नाही. तरीही ती छापली जात नाहीत, आणि विचारली तर ‘तुमच्या मॉडेलला बसते’ एवढेच उत्तर मिळते.

सर्वांत जास्त राग येतो तो हँडब्रेकविषयीच्या मौनाचा. मागची डिस्क ही पुढच्या डिस्कसारखी नुसती चकती नसते, कारण उभी गाडी जागेवर धरून ठेवण्याचे काम जवळजवळ नेहमी मागच्या चाकांकडेच असते. पुष्कळ गाड्यांमध्ये डिस्कच्या टोपीच्या आतल्या बाजूला एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे शूज (अस्तर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या) त्याच्या आत उघडतात. म्हणजे बाहेरचा व्यास वाढवताना आतल्या ड्रमचा व्यास मूळ शूजशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. तो कमी असेल तर डिस्क शूजवर चढतच नाही, आणि थोडासा जास्त असेल तर परिस्थिती त्याहून वाईट, कारण डिस्क चढते, ॲडजस्टर (शूज ड्रमच्या जवळ आणणारा स्क्रू) फिरवून हँडब्रेक लागल्यासारखाही वाटतो, परंतु शूजची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळत नसल्यामुळे अस्तर फक्त मधल्या पट्ट्यात टेकते आणि चढावर उभी केलेली गाडी हळूहळू सरकू लागते. एवढी गंभीर गोष्ट ज्या एका मापावर टिकून आहे, ते माप मी पाहिलेल्या एकाही किटच्या पाकिटावर नव्हते.

ज्या गाड्यांमध्ये हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या पिस्टनमध्येच (पॅडला डिस्कवर ढकलणाऱ्या दट्ट्यातच) असते, त्यांची कथा वेगळी आणि तितकीच दडवलेली आहे. तिथे पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ आत दाबायचा नसतो. तो दाब देत देत फिरवत आत न्यायचा असतो, त्यासाठी वेगळे अवजार लागते, आणि काही गाड्यांमध्ये डाव्या व उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा परस्परांच्या उलट असते. जबरदस्तीने दाबला तर आतला स्वयंचलित ॲडजस्टर तुटतो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या मागच्या खुंटीसमोर आणून ठेवावी लागते, नाहीतर पॅड तिरका झिजतो. शिवाय मोठ्या डिस्कसाठी कॅलिपर बाहेर सरकतो तेव्हा हँडब्रेकची केबल आणि ब्रेकची रबरी नळी दोन्हींवर ताण येतो, आणि चाक हवेत पूर्ण खाली लोंबकळत असताना तो ताण तपासून पाहणे अत्यावश्यक असते. विजेवर चालणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या गाड्यांत तर कॅलिपरला हात लावण्यापूर्वी निदान यंत्र जोडून मोटार मागे घ्यावी लागते किंवा कंपनीने दिलेली सर्व्हिस मोडची पद्धत वापरावी लागते. यातले एक अक्षरही किटच्या माहितीपत्रकात नसते, आणि ते वाचून कामाला लागलेला माणूस दोन्ही मागची चाके काढून बसल्यावर हे सगळे शोधत बसतो.

त्यानंतर येतो डिस्कमागचा पातळ पत्रा. मूळ डिस्कच्या मापाने बनवलेल्या या पत्र्याची कड मोठ्या डिस्कला घासते, म्हणून तो कापावा, वाकवावा किंवा बदलावा लागतो. अनेक गाड्यांमध्ये हा पत्रा हबच्या मागे अडकलेला असतो आणि तो अखंड काढायचा तर हब आणि बेअरिंग उतरवावे लागते, जे घरच्या अंगणातले काम नव्हे. ज्या गाड्यांत हँडब्रेकचे शूज याच पत्र्याला धरून असतात, तिथे तो वाटेल तसा कापणे म्हणजे हँडब्रेकचा आधारच कापणे. ‘काहीही कापावे लागत नाही’ असे लिहिणाऱ्याने हा पत्रा कधी पाहिलेला तरी असतो का, असा प्रश्न मला पडतो.

चाकाबद्दलही हेच. उदाहरणादाखल २६२ मिमीची डिस्क काढून २९० मिमीची लावली तर त्रिज्या १४ मिमीने वाढते आणि कॅलिपरही तेवढाच रिमच्या दिशेने सरकतो. रिमच्या आत तेवढी जागा असेल तर ठीक, नसेल तर मोठे रिम आले, नवे टायर आले. स्टेपनीचा विचार तर कोणीच करत नाही. मूळ लहान ब्रेकवर बसणारी अरुंद स्टेपनी मोठ्या कॅलिपरवर अडकते आणि हे कळते ते रात्री टायर पंक्चर झाल्यावर, भर रस्त्यात.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्या ब्रेकच्या जोराकडे पाहू. वरच्या उदाहरणात पॅडची उंची ४० मिमी धरली तर पॅडच्या मध्यापर्यंतची त्रिज्या १११ मिमीवरून १२५ मिमी होते, म्हणजे तेवढ्याच दाबाने मागचा ब्रेक सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी अधिक जोर लावतो. ऐकायला छान वाटते. पण ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते, आणि म्हणूनच ब्रेकचे बहुतांश काम पुढच्या चाकांकडे दिलेले असते. पुढचे ब्रेक तसेच ठेवून मागचा जोर वाढवला की मागची चाके आधी अडकण्याची, म्हणजे फिरायची थांबून घसरण्याची, शक्यता वाढते. मागची चाके पुढच्या चाकांच्या आधी अडकू नयेत अशी ब्रेकच्या वाटणीची अट संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या प्रवासी मोटारींसाठी आहे, ती काही उगाच घातलेली नाही.

यावर विक्रेत्यांचे ठरलेले उत्तर असते की ‘एबीएस सांभाळून घेईल’. हे उत्तर ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मागच्या चाकांची घसरण मोजून त्यांचा दाब कमी करणारी यंत्रणा गाडीत असेल, तर ती नेमका तोच वाढीव जोर काढून टाकणार, ज्यासाठी तुम्ही पैसे मोजले! मग उरते काय? जास्त धातू, म्हणजे जास्त उष्णता सामावण्याची क्षमता. ती खरी आहे, आणि भरलेली गाडी लांब उतारावरून वारंवार ब्रेक लावत आणायची असेल किंवा पुढचे ब्रेकही त्याच प्रमाणात मोठे केलेले असतील तर तिचा उपयोगही आहे. पण मग तसे स्पष्ट लिहा. त्याच गाडीच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीत कंपनीने स्वतः मोठी मागची डिस्क दिली असेल, तर तिच्याबरोबर कॅलिपर, पिस्टनचा व्यास आणि पुढचे ब्रेकही बदललेले असू शकतात. त्यातली एकटी डिस्क उचलून ‘अपग्रेड’ म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

बाकीचा त्रास नेहमीचाच, पण तोही सांगितला पाहिजे. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू गंजून हबशी एकजीव झालेला असतो आणि त्याचे डोके पहिल्याच झटक्यात गुळगुळीत होते. हबच्या तोंडावरचा गंज खरवडून स्वच्छ केला नाही तर नवी कोरी डिस्कही डगमगत फिरते. ही डगमग अनेक गाड्यांमध्ये ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढे चालत नाही, आणि ती डायल गेजशिवाय (काटा असलेल्या सूक्ष्म मापकाशिवाय) दिसत नाही. पुढे काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागले की सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात, प्रत्यक्षात ती असमान झिजलेली असते. ब्रॅकेटचे बोल्ट किती टॉर्कला (पिळण्याच्या किती जोराने) आवळायचे, ते पुन्हा वापरायचे की नाही, हेही किटमध्ये लिहिलेले नसते. कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल झाला तर ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा बाहेर काढायचे तोंड) खाली येते आणि कितीही ब्रेक ऑइल ओतले तरी वर अडकलेली हवा निघत नाही, ही साधी सूचनाही कोणी छापत नाही.

मी एका विक्रेत्याला लेखी विचारले की आतल्या ड्रमचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. उत्तरात त्याने पुन्हा बाहेरचा व्यास कळवला. दुसऱ्यांदा विचारल्यावर डिस्क मागवून, बसवून बघा असे सांगितले, आणि त्याच संदेशात एकदा बसवलेली डिस्क परत घेतली जाणार नाही असेही बजावले. माप सांगायचे नाही, बसवल्याशिवाय कळणार नाही, आणि बसवले की परत घेणार नाही, अशी ही पद्धत आहे. जोपर्यंत टोपीची खोली, आतल्या ड्रमचा व्यास, लागणारे किमान रिम आणि बोल्टांचा टॉर्क हे आकडे पाकिटावर येत नाहीत, तोपर्यंत अशा एकाही किटसाठी मी पैसे देणार नाही, आणि मला विचारणाऱ्या कोणालाही देऊ देणार नाही.