मोझॅकसाठी किलो-दोन किलो दगड : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण यावलहून आमच्या जळगावच्या वखारीत येऊन केळीच्या घडाच्या मोझॅकसाठी, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे जोडून करायच्या भित्तिचित्रासाठी, हिरवा, पिवळा, पांढरा आणि काळा असा थोडाथोडा दगड नेलात. त्यानंतर एकच तारा देऊन आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत : टाकाऊ तुकड्यांनाही अख्ख्या लादीपेक्षा चढा दर लावला, फोडल्यावर दगडाचा रंग फिका निघाला, आणि काळ्या तुकड्याने आपला निपर (टाईल तोडायची पक्कड) खराब केला. असे काम करू पाहणाऱ्या इतरांनाही हेच प्रश्न पडत असल्याने उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

आधी दराचे. आपण लिहिलेला दर तुकड्यांचा नसून पट्ट्यांचा आहे. 18 मिलिमीटर जाडीचा एक चौरस फूट मार्बल साधारण साडेचार किलो भरतो. त्याच्या 10 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या तर प्रत्येक कापाला ब्लेड सुमारे अडीच मिलिमीटर दगड खाते. म्हणजे फूटभर तुकड्यातून चोवीसेक पट्ट्या हाती येतात आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याबरोबर चिखल होऊन जातो. तो चिखल आपल्या काट्यावर येत नाही, पण ब्लेड झिजते आणि कारागीर तेवढा वेळ मशीनपाशीच अडकतो. स्वयंपाकाच्या ओट्याची अख्खी लादी याहून कमी कापांत तयार होते. त्याच ढिगातले न कापलेले तुकडे निम्म्याहून कमी दराने मिळतात आणि तसा फलक काट्याशेजारीच लावलेला आहे.

पिवळा दगड अर्धा किलोच का दिला, असेही आपण विचारले आहे. आपल्या खानदेशात पायाखाली सगळा काळा पाषाण आहे. रंगीत दगड ट्रकने बाहेरून, राजस्थान-गुजरातेतून येतो. पांढरा मकराना किंवा अंबाजीचा, हिरवा केसरियाजीचा, पिवळा जैसलमेरचा. गाडी भरते ती बांधकामाच्या मागणीवर, आणि आता घराघरांत व्हिट्रिफाइड टाईल आल्यापासून मार्बलची मागणी बरीचशी देवघरांपुरती उरली आहे. त्यामुळे पांढऱ्याचे तुकडे नेहमी सापडतात, हिरव्याचे अधूनमधून, आणि पिवळ्याचे एखाद्या बंगल्याचे काम निघाले तरच. ज्यांना थोडाच माल हवा आहे, त्यांनी वखारीत ‘स्कर्टिंगच्या पट्ट्या उरल्या आहेत का’ असे विचारावे. भिंतीच्या तळाशी बसवायच्या तीन-चार इंच रुंदीच्या या पट्ट्या एकाच लादीतून निघालेल्या असल्याने रंग जुळतो आणि पुढची कापणीही कमी लागते. देवघरे घडवणाऱ्या आणि नावाच्या पाट्या कोरणाऱ्या कारागिरांकडेही चांगले तुकडे पडून असतात. गोणीतली मार्बल चिप्स स्वस्त पडते, परंतु ती वेडीवाकडी फुटलेली असते. पार्श्वभूमी भरायला ती चालेल, घडातल्या एकेका केळ्याची कड तिने साधणार नाही.

रंग फिका निघाला हे आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र दगड बदलून दिल्याचा आपला निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. आपण पसंत केली ती पॉलिश केलेली बाजू होती. पॉलिशने रंग गडद दिसतो. तोच दगड फोडला की खडबडीत पृष्ठावर उजेड विखुरतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. केसरियाजीच्या हिरव्यात हा फरक विशेष जाणवतो. म्हणून मोझॅकचा दगड निवडताना लादीच्या कोपऱ्यातली एक कपची उडवून घ्यावी, ती कोरडी पाहावी, मग ओल्या बोटाने पुसून पाहावी. काम पूर्ण झाल्यावर रंग गडद करणारा सीलर (दगडावर लावायचे संरक्षक द्रव्य) लावणार असाल तर ओला रंग धरून चालावे, नसाल तर कोरडा. हिरव्याचे काही तुकडे भलतीकडेच फुटले, त्याचे कारण त्यातल्या पांढऱ्या शिरा; हा दगड शिरेवरून आधी सुटतो. शीर आडवी येईल अशी पट्टी निवडली तर नुकसान पुष्कळ टळते.

काळ्या तुकड्याविषयी. सिंकच्या जागेचा कापून निघालेला तो चौकोन ग्रॅनाईटचा होता. आमच्या माणसाने आपल्याला कडप्पा सुचवला होता. ग्रॅनाईटची चकाकी पाहून आपण तोच घेतलात. मार्बल आणि कडप्पा निपरला दाद देतात, परंतु अठरा मिलिमीटरचा ग्रॅनाईट टाईलच्या निपरने फोडू नये, हे येथे पुन्हा सांगतो. तो घरी ग्राइंडरने कोरडाही कापू नये, कारण त्याच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. निपरची भरपाई आम्ही देणार नाही.

मात्र आपल्याकडे ग्रॅनाईटचे न फोडलेले जे तुकडे असतील ते परत आणावेत. तेवढ्याच वजनाचा कडप्पा पट्ट्या कापून देऊ, कापणीचे वेगळे पैसे घेणार नाही. हिरव्याची जी लादी आपण पाहिली होती, तिचा उरलेला भाग अजून वखारीत आहे. शनिवारी दुपारनंतर मशीन मोकळे असते. येताना चित्राचा पूर्ण मापाचा कागद सोबत आणावा, म्हणजे कोणत्या रंगाच्या किती पट्ट्या लागतील हे कापण्याआधीच ठरवता येईल.

— वखारमालक, जळगाव