ट्रायल घ्यायला गेलो, दळण घेऊन आलो

मला लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी हवी आहे आणि नागपुरात अशी एकही गाडी नाही. 2010च्या आहेत, 2012च्या आहेत, रंग उडालेल्या, सीट फाटलेल्या, डिक्की दोरीने बांधलेल्या आहेत. पण पळालेली म्हणून एक नाही. सगळ्या साठ हजारांच्या आत. चौदा वर्षांत साठ हजार म्हणजे दिवसाला बारा किलोमीटरसुद्धा होत नाहीत. एवढं तर आमचा दूधवाला सकाळी सातच्या आत करतो, तेही सायकलवर.

बजेट दीड लाख. आईचे गुडघे गेलेत, ती स्कूटरवर बसू शकत नाही. मेट्रो आहे म्हणतात, ती आहेच, पण वर्धा रोडने जाते. आम्ही राहतो बेसा साइडला, तिथून मेट्रोपर्यंत पोचायलाच गाडी लागते. दीड लाखात कोणी कोरी गाडी देत नाही हे मला कळतं. म्हणून मी फोनवर आपणहून सांगायचो, भाऊ, जास्त चाललेली असली तरी हरकत नाही. हायवेला पाचव्या गिअरमध्ये लाखभर पळालेलं इंजिन हे सीताबर्डीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडलेल्या चाळीस हजारवाल्यापेक्षा कधीही बरं, क्लच प्लेट तरी जिवंत असते. यावर समोरचा माणूस असा काही दुखावायचा की विचारू नका. ‘नाही हो, आमची गाडी घराबाहेरच निघाली नाही.’ मग घेतली कशाला होती?

जाहिरातींमध्ये तर दोनच जाती. एक लेडीज चालवायची ती, आणि दुसरी डॉक्टरची. डॉक्टरांच्या इतक्या गाड्या विकायला निघाल्यात की मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही मोठ्या सरकारी दवाखान्यांचा मिळून सगळा स्टाफ आता ऑटोनेच जात असावा. ‘इंजिन कडक, एसी चिल्ड, टायर 80 टक्के, एक रुपयाचं काम नाही’ हे सगळ्यांचं पाठ. एक रुपयाचं नसतं, खरं आहे. वीस हजारांचं असतं.

तर या रविवारी मानेवाड्याच्या एका गल्लीत 2012ची पांढरी वॅगनआर बघायला गेलो. सिंगल ओनर, 58 हजार, एक लाख पासष्ट. मालक तिशीतला, मोबाइलमधून मान वर न काढणारा. गाडी कडुनिंबाखाली उभी. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावून कळतं, असं यूट्यूबवरचे लोक सांगतात. ते लोक मे महिन्यात नागपूरला आलेले नसावेत. इथे बंद पडून चार वर्षं झालेल्या गाडीच्या बॉनेटलाही हात लागत नाही.

मी दार उघडून आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली आणि पार्किंगमधल्या गाड्या तरंगल्या. तेव्हापासून इथे जुनी गाडी घेणारा जाणता माणूस आधी बेल्ट ओढतो. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो. हा पट्टा स्वच्छ निघाला. मला बरं वाटलं. मग ब्रेकच्या पेडलकडे वाकलो. रबरावरच्या रेघा पार पुसून ते गुळगुळीत झालेलं, उजव्या कोपऱ्यातून खालचं लोखंड डोकावत होतं. 58 हजारांत एवढं झिजायला पेडलवर पाय नाही, कानस घासावी लागते.

‘पेडलात काय पाहून राह्यले भाऊ? इंजिन पाहा, इंजिन!’

शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक काकाजी बसले होते. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात पन्नी आणि पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा घोटणं चालू होतं आणि त्याच तालात बोलणं. मला वाटलं मालकाचे वडील. मालकाला वाटलं माझ्याबरोबर आलेले. हे कळेपर्यंत काकाजी भिंतीवरून उतरून पुढच्या सीटवर बसले होते.

‘एमएच 40 आहे, म्हणजे ग्रामीणची पासिंग. ग्रामीणची गाडी मजबूत राह्यते. शहरातले 31वाले नुसते हवा करतात, अन् पूर्व नागपूरच्या 49वाल्यांचं तर बोलूच नका. तुमची कोणती?’

‘स्कूटर आहे. 31.’

‘हं,’ काकाजी म्हणाले आणि त्या एका हुंकारात माझी अख्खी पत ठरली. पुढे नोकरी कुठे, पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट, हातात किती येतात, घर स्वतःचं का, मूळ गाव कोणतं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. गाडी विकत घेणारा मी, चौकशी माझीच. बँकसुद्धा एवढं विचारत नाही आणि विचारलं तर निदान कर्ज देते.

ट्रायलला निघालो. मी स्टिअरिंगवर, काकाजी बाजूला, ज्याची गाडी तो मागे. पेट्रोलचा काटा तळाला. ‘थोडं टाकून घेऊ भाऊ, नाही तर मधात बंद पडन,’ असं मालक मोबाइलमधूनच बोलला. दिवसभरातलं त्याचं ते सर्वांत मोठं वाक्य. पाचशेचं टाकलं. आता पाचशेत पाच लिटरही येत नाही, पण पाचशे ते पाचशेच.

‘आता डावीकडे घ्या,’ काकाजी म्हणाले. मला वाटलं खड्ड्यांचा रस्ता दाखवत असतील, सस्पेन्शन कळावं म्हणून. डावीकडे गिरणी होती. ‘दोन मिनिटं,’ म्हणत काकाजी उतरले आणि सकाळी टाकलेल्या दळणाचा डबा घेऊन आले. पंधरा किलोचा, झाकण नीट न लागलेला, गरम. तो मागे मालकाच्या मांडीशी. मग हुडकेश्वर रोडला विजेचं बिल. रविवारी केंद्र बंद असतं हे मी सांगितलं. त्यांना ते प्रत्यक्ष पाहायचं होतं. मग तुकडोजी पुतळ्याकडे लेकीकडे कैऱ्यांची पिशवी द्यायची होती, ती पिशवी गाडीत केव्हा आली ते मला आजही कळलेलं नाही. लेक वरच्या मजल्यावर राहते. काकाजींनी खालून हाक मारली, ती गॅलरीत आली, ‘कोणाची गाडी बाबा?’ म्हणाली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आपलीच समज.’

हे चालू असताना गाडी उभी, इंजिन चालू, एसी फुल. एसीतून सुटत होता भट्टीचा वारा. ‘चालती झाली की होते थंड,’ मालक म्हणाला. म्हणजे कंडेन्सरचा पंखा गेलेला. नागपुरात मे महिन्यात सिग्नलला थांबलो की एसी बंद, आणि सिग्नल मोठे.

पण खरं सांगायचं तर त्या गाडीची अस्सल तपासणी काकाजींनीच केली. तुकडोजी पुतळ्याहून परत येताना त्यांच्या तोंडातला खर्रा पिकला. हनुवटी वर करून त्यांनी काचेचं बटन दाबलं. काच अर्ध्यावर येऊन थांबली. पुन्हा दाबलं. आत कुठेतरी कुरकुर झाली आणि काच वर निघाली. काकाजींचे डोळे मोठे झाले. त्यांनी माझ्या दंडावर थापा मारायला सुरुवात केली, बोलायची सोय नव्हती. मी गाडी बाजूला घेईपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं. मागून येणारा डिलिव्हरीवाला पोरगा वाचला तो केवळ त्याच्या आईच्या पुण्याईने. तोंड मोकळं करून, ओठ पुसून काकाजी मालकाकडे वळले, ‘पावर विंडो गेली का रे?’ आणि लगेच माझ्याकडे बघून, ‘होते न भाऊ, दोनशे रुपयांचं काम आहे.’

नवी मोटर दोनशेत येत नाही. पण त्या क्षणी ते माझ्या बाजूने बोलले की मालकाच्या, हेच मला ठरवता येईना.

परत कडुनिंबाखाली आलो. डबा उतरवायला म्हणून ड्रायव्हरकडचं दार पूर्ण उघडलं आणि पिलरवर खाली, बिजागरीच्या आड, एक स्टिकर दिसलं. ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात ते. उन्हाने निळं पडलेलं, एक कोपरा उचकटलेला, पण बॉलपेनचे आकडे सुवाच्य. पुढची सर्व्हिस 1,47,000.

मी मीटर बघितलं. 58,412.

‘हे काय?’

मालकाने प्रथमच मोबाइल खिशात टाकला. उत्तर मात्र काकाजींनी दिलं. ‘ते आधीच्या मालकाचं असन.’

‘तुम्ही तर सिंगल ओनर म्हणाले.’

गल्लीत बराच वेळ फक्त कुणाच्या तरी कूलरचा आवाज येत होता.

राग मला तिथे आला. मी दीड लाख किलोमीटरवालीच शोधत होतो हो! ही गाडी 1,47,000च्या आसपास पळालेली आहे असं सांगितलं असतं तर इतक्या चांगल्या उचलणाऱ्या इंजिनाला मी मान दिला असता. मीटर मागे करायला लॅपटॉप लावणारा माणूस शोधायचा, त्याला पैसे द्यायचे, आणि पेडलचं रबर, जे किरकोळीत मिळतं, तेवढं तसंच ठेवायचं. खोटं बोलायचं तर मनापासून तरी बोलावं. सरकारी ॲपवर नंबर टाकला की विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते, फिटनेस कधीपर्यंत, सगळं दिसतं. गाडी किती पळाली ते मात्र मालकाच्या तोंडूनच ऐकायचं. पुढच्या वर्षी 15 वर्षं होणार, म्हणजे पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली नाही, ती ‘तुम्ही लावून घेजा’. गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30, आरटीओच्या चकरा, सगळं माझ्याकडे. एक लाख वीसच्या वर एक रुपया देणार नाही म्हणालो.

मालक काही बोलला नाही. काकाजींनी डबा काखेत घेतला, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझ्या पँटवर पीठ सांडलेलं होतं, त्यांच्याच दळणाचं.

‘यांले गाडी घ्यायची नाई रे,’ ते मालकाला म्हणाले. ‘हे फिराले आले होते.’

मी! फिरायला! पाचशेचं पेट्रोल टाकून, पंचेचाळीस डिग्रीत, यांच्या कैऱ्या पोचवायला! उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर, स्कूटर स्टँडला लावताना, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. माझा नंबर त्यांना मालकाने दिला म्हणे.

‘भाऊ, ती गाडी गेली. बरं झालं तुम्ही नाई घेतली, भंगार होती.’

‘काकाजी, तुम्हीच तर मजबूत म्हणत होते.’

‘ते जाऊ द्या. आमच्या मागच्या गल्लीत एक आहे, मास्तरची. पन्नास हजार चाललेली. मस्त आहे. बुधवारी या ट्रायलले. पण सकाळी साडेसातले येजा.’

‘साडेसात कशाला?’

‘मेडिकलची ओपीडी सुरू व्हायच्या आधी कार्ड काढाले लागते न. बाई पण येईन सोबत, मागची सीट पाहून घेऊ कशी आहे ते.’