सोलापूरचा भूकंप-धोका आणि फुकटचे नकाशे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, जुन्या सोलापुरातल्या घरांना भूकंपाचा किती धोका आहे यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. उभी हयात बांधकाम खात्यात गेलेल्या माणसाचे आक्षेप दोन ओळींत उडवून लावणं बरं नव्हे, म्हणून उत्तर लांबतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूर काळ्या पाषाणावर उभं आहे आणि किल्लारी लांब आहे, भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही भरलेली माहिती घालून रंगीत नकाशे काढले की लोक विनाकारण घाबरतात, घरांचे भाव पडतात, हे काम तज्ज्ञांवर सोडावं.

आधी पाषाणाचं बोलू. किल्लारीही याच दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जन आटोपून लोक झोपले होते त्या पहाटे, ६.२ मॅग्निट्यूडचा धक्का बसला. तोवर अधिकृत नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये पहिला विभागच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात गेला. नवी माहिती आली की तज्ज्ञही नकाशा बदलतात, आणि तसंच व्हायला हवं. राहिलं अंतर. सोलापूरहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या कितीतरी इमारती त्यांत होत्या. जुळे सोलापुरात चक्कर मारलीत तर तशा इमारती तुम्हालाच आधी दिसतील.

भूकंप कधी होणार हे आम्ही, म्हणजे सोलापूरचा हा धोक्याचा नकाशा काढणारे, काढतच नाही. आमचा प्रश्न एवढाच, की अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर, अमुक ताकदीचा धक्का बसला तर कोणत्या गल्लीत जास्त घरं पडतील? जमीन किती हलेल याचं गणित ओपनक्वेक हे फुकटचं सॉफ्टवेअर करतं. इटलीतल्या पाविया इथल्या जीईएम (ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल) फाउंडेशनमधल्या शास्त्रज्ञांनी ते बनवलंय, म्हणजे तज्ज्ञांना बाजूला सारलेलं नाही. त्या हादऱ्याच्या नकाशावर क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घरांचा थर ठेवायचा आणि कोणत्या प्रकारचं घर किती हादरा सोसतं, ते लावून बघायचं. सगळी सूत्रं उघडी आहेत. तुम्हाला एखादं गृहीतक पटलं नाही, तर ते बदलून तुमच्या संगणकावर पुन्हा चालवा. फुकट असण्यापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं.

माहिती कच्ची आहे, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि खरी अडचण तिथंच आहे. घरांच्या आकृत्या आम्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरून घेतो; तिथं कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते, त्यामुळे चूक शोधता येते. पण घराची आकृती असून भागत नाही, भिंत कशाची आहे ते कळावं लागतं. किल्लारीत माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीखाली. भिंतीचे दोन पदर, मध्ये भर, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारे दगडच नाहीत. हादऱ्यानं पदर सुटले आणि वरचं सगळं वजन खाली आलं. तुम्हाला हे मी काय सांगणार!

आता आपल्या बाळीवेस, साखर पेठेकडे या. माळवद काढून जुन्या दगड-मातीच्या भिंतींवरच स्लॅब टाकलेली घरं तुम्ही पाहिली असतील. उपग्रहाच्या चित्रात ते घर सिमेंटचं पक्कं दिसतं. खालची भिंत मातीत रचलेली, हे फक्त दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला कळतं. गणितात अशी घरं आरसीसी धरली की गल्ली सुरक्षित दिसते, दगड-मातीची धरली की तीच गल्ली लाल होते. म्हणून संगणकापेक्षा जास्त वेळ आम्हाला गल्लीत घालवायचाय. मजले किती, भिंत कशाची, छत कशाचं, तळमजला मोकळा आहे का, घर अंदाजे कधीचं, एवढंच टिपायचं.

काठमांडूत तरुणांनी शाळा, दवाखाने, इमारती अशाच आधी नकाशावर आणल्या होत्या. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, तेव्हा मदतीला निघालेल्यांच्या हाती ते नकाशे तयार होते.

भीतीबद्दल मला मनापासून सांगायचंय. माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार बांधदगड बसवणं, छताच्या पातळीला पट्टा बांधणं ही कामं घर न पाडता होतात, हे किल्लारीनंतर याच भागात लोकांनी केलंय. कुठून सुरुवात करायची ते ठरवायला हा नकाशा आहे. ज्या आजी त्या भिंतीला उशी लावून झोपतात, त्यांना ते कळण्याचा हक्क आहे. भावाची काळजी रास्त आहे, म्हणून एकेका घराचा धोका आम्ही कुठेही टाकणार नाही. फक्त गल्लीवार आकडा जाईल, आणि टिपण घेण्याआधी घरमालकाला विचारलं जाईल.

येत्या रविवारी सकाळी आम्ही बाळीवेशीतून सुरुवात करतोय. गिलाव्याआडची भिंत दगडाची की विटांची, हे ठोकून ओळखणारं माणूस आमच्यात नाही. तुम्ही आलात तर ते काम तुमच्याकडे.