‘कॅमेऱ्यानं कुठं पक्षी मरतो?’

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं सार असं: कॅमेरा म्हणजे बंदूक नव्हे; पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही; माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते ही थाप आहे, तेव्हा घरट्यापाशी खुशाल जा; आणि फोटोंमुळे शेवटी संवर्धनच होतं.

ती थाप आहे, एवढं मात्र खरं. माणसाच्या वासामुळे बहुतेक पक्षी पिल्लं टाकून जात नाहीत. पण घरट्याला भीती वासाची नव्हतीच. आड येणारी फांदी वाकवली की घरटं उघडं पडतं, उन्हालाही आणि कावळ्यालाही. टिटवी भर दुपारी अंड्यांवर उभी असते ती ऊब द्यायला नाही, सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्हाला पाहून ती उठली आणि तुम्ही तिथंच बसकण मारलीत, तर अंडी तापत राहतात. ‘दोनच मिनिटं’ म्हणाल, तर तुमच्यामागून येणाराही तेच म्हणणार असतो.

‘उडाला नाही’ हा मुद्दा मला सगळ्यांत फसवा वाटतो. अंड्यांवरचा पक्षी सहजासहजी उठतच नाही. रातवा तर पाय पडायची वेळ येईपर्यंत पाचोळ्यासारखा पडून राहतो; न हलणं हीच त्याची ढाल. अंडी उबवणाऱ्या वाँडरिंग अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या हृदयाचे ठोके संशोधकांनी मोजले, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. माणूस नुसता जवळ आला तरी ठोके सुमारे दुप्पट होत होते. फोटोत हाच पक्षी किती निवांत दिसला असता!

मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज (कॉल) वाजवून पक्षी समोर आणणं हाही ‘नुसता आवाज’ नाही. नराला तो हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटतो. चारा शोधायचं सोडून तो त्या नसलेल्या शत्रूला शोधत बसतो.

राहिली बंदूक. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं धरलेलं आहे. ब्रिटनमध्येही १९८१च्या कायद्यानं, त्यातल्या यादीतल्या पक्ष्यांना घरट्यापाशी मुद्दाम त्रास देणं गुन्हा ठरतो. कायद्याला इथं बंदूक लागत नाही.

संवर्धनाचं म्हणाल, तर चांगल्या नोंदी फोटोंमुळे झाल्या आहेत, हे नाकारायचं कारण नाही. त्यासाठी घरट्यात लेन्स खुपसावी लागत नाही. ब्रिटनचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बैलासारखी दिसणारी पोकळ लपण करून तिच्यात दडून पक्ष्यांचे फोटो काढत. आज हातात लांब पल्ल्याची लेन्स असते, तरी पावलं पुढंच पडतात. वर दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकताना घरट्याचं ठिकाणही नकाशासकट दिलं जातं. ते पिल्लं चोरणाराही वाचतो.