आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ जगत नाही, हा समज खोटा आहे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून, विशेषतः ज्यांच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे अशा घरांतून, एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यात जन्मलेले जगत नाही. म्हणून आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर पायाखाली उशी देऊन घरीच निजून राहावे आणि दवाखान्याची घाई करू नये. तिथे देतात ती इंजेक्शने बाळाला अपायकारक असतात. बाळ झालेच तर चिकाचे दूध काढून टाकावे आणि मध व गुटी चाटवावी. दवाखान्यात काचेच्या उबदार पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलेले मूल पुढे मंद निघते. आणि हे सारे आईच्या जिने चढण्याने आणि पपई खाण्याने होते. माझे पहिले मूल ३३व्या आठवड्यात, म्हणजे ऐन आठव्या महिन्यात, जन्मले. या संदेशातील प्रत्येक वाक्य मला त्या दिवसांत कोणी ना कोणी प्रेमाने सांगितले होते, आणि त्यांतले एकही वाक्य बरोबर नव्हते.

आठव्या महिन्याची भीती फार जुनी आहे. या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे जीवनसार, अस्थिर असते, म्हणून तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लेखनातही सातव्या आणि आठव्या महिन्यांविषयी हाच भेद आढळतो. वजनकाटा, सोनोग्राफी आणि प्राणवायू यांतले काहीच हाताशी नसताना ज्यांनी हे लिहिले, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाळी चुकल्याच्या अंदाजावर महिने मोजले जात, त्यामुळे जगलेल्या कित्येक ‘सातमासी’ मुलांचे दिवस प्रत्यक्षात अधिक भरलेले असणार. आज गर्भाचे वय आठवड्यांत मोजतात आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या जन्माला अपुऱ्या दिवसांचा जन्म म्हणतात. फुप्फुसातील वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून एक स्निग्ध द्रव पाझरावा लागतो. तो साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो आणि ३४व्या-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा होतो. गर्भाची वाढ सातव्या महिन्यात पुढे जाऊन आठव्यात मागे फिरत नाही. ३३ आठवड्यांच्या बाळाची जगण्याची शक्यता २९ आठवड्यांच्या बाळापेक्षा निश्चितपणे अधिक असते आणि योग्य देखभाल मिळाली तर अशी बहुसंख्य बाळे जगतात.

या समजाची झळ मात्र आजच्या बाळांना लागते. ‘आठव्यातले आहे, हाती लागायचे नाही’ असे घराने एकदा मनाशी ठरवले की गाडी बोलावायला उशीर होतो, मोठ्या रुग्णालयात हलवण्यास संमती द्यायला उशीर होतो, आणि अशा उशिराने बाळ गेले की तेच शेवटी त्या समजाचा पुरावा म्हणून सांगितले जाते.

घरी निजून राहिल्याने अवेळी प्रसूती टळते, याला आधार नाही. ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, कंबरेत थांबून थांबून कळ येणे, ओटीपोटात खाली दाब जाणवणे, पाणी जाणे किंवा रक्त दिसणे, यांपैकी काहीही ३७ आठवड्यांपूर्वी झाले तर त्याच क्षणी निघावे, आणि निघावे ते जिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय आहे अशा ठिकाणी. आधी जवळच्या लहान दवाखान्यात बाळंत होऊन मग बाळाला घेऊन धावण्यापेक्षा, वेळ हाती असेल तर ते आईच्या पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात पोहोचणे केव्हाही चांगले. आपल्याकडे भिंड, मुरैना, दतियाहून बायका ग्वाल्हेरच्या कमलाराजा रुग्णालयात येतात त्या याचसाठी. १०८ क्रमांकाची गाडी मोफत आहे, आणि शासकीय रुग्णालयात प्रसूती व आजारी नवजाताचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य होतात. पैशाच्या काळजीने थांबू नये.

इंजेक्शनांविषयीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो नेमक्या त्या औषधावर बोट ठेवतो ज्याने असंख्य बाळे वाचली आहेत. आईला दिलेल्या स्टेरॉईडने गर्भाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून पुढे आले. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान अवेळी कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने देतात, आणि २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिले इंजेक्शन आरोग्यसेविकाही देऊ शकते. कळा थोपवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांचा मुख्य हेतू या औषधाला एक-दोन दिवस मिळवून देणे हा असतो. हे औषध कोणालाही, केव्हाही द्यावे असे नाही; गर्भाचे वय नीट ठाऊक हवे, आईला जंतुसंसर्ग नसावा, आणि जन्मानंतर बाळाची देखभाल होईल अशी जागा हवी. हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि तो त्यांना घेता यावा म्हणून वेळेत पोहोचणे आपल्या हाती आहे.

चिकाच्या दुधाबद्दल थोडे सविस्तर लिहिते. साधारण ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही, म्हणून ते अंगावर पिऊ शकत नाही. पण त्याला दूध नको असते असा याचा अर्थ नव्हे. आईने दूध पिळून द्यायचे आणि ते आधी नळीने, मग वाटी-चमच्याने पाजायचे. सुरुवातीला काही थेंबच निघतात आणि त्या थेंबांकडे पाहून आई खचते, परंतु जंतूंशी लढणारी द्रव्ये त्यांतच सर्वाधिक असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा जो भयंकर दाह होतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. माझ्या सासूबाई दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मला उठवून बसवत. त्यांच्याइतकी मदत त्या दिवसांत मला कोणाचीच झाली नाही. मध मात्र वर्षाच्या आतील कोणत्याही बाळाला देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा पक्षाघात आणणारा आजार होऊ शकतो. गुटीचेही तेच: सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज केवळ डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे द्यावीत.

पेटी ही शिक्षा नव्हे. या बाळांच्या अंगावर चरबी फार कमी असते, ती चटकन गार पडतात, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर फारच लवकर. त्यावर उपाय म्हणून बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारे लावणे धोक्याचे आहे; धूर आणि त्यातला विषारी वायू अपक्व फुप्फुसांना सोसत नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोता शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. बाळाचे बाबा, आजी, आत्या, कोणीही बाळाला असे छातीशी धरू शकते. तेव्हा पेटी आणि आई यांत एकाची निवड करायची नसते.

मंद निघण्याच्या भीतीला माझे उत्तर असे की धोका असतो, पण तो पेटीचा नव्हे, लवकर जन्माचा; जन्म जितका लवकर तितका तो अधिक असतो, आणि म्हणूनच तपासण्या चुकवायच्या नसतात. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा, २८ आठवड्यांपूर्वीच्या बाळाचा त्याहूनही लवकर, कारण पडद्याचा विकार वेळेत सापडला तर दृष्टी वाचवता येते. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी. मान धरणे, बसणे, चालणे यांचे हिशेब दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करावेत. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. असे मोजले की शेजारच्या बाळाशी होणारी बहुतेक तुलना निरर्थक ठरते.

राहिला आईचा दोष. नेहमीसारखे जिने चढल्याने किंवा पपईची फोड खाल्ल्याने अवेळी प्रसूती होते असे सिद्ध झालेले नाही. लघवीच्या मार्गाचा किंवा गर्भपिशवीचा जंतुसंसर्ग, जुळे, वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचे तोंड आखूड असणे, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर, आधीची अवेळी प्रसूती ही ज्ञात कारणे आहेत, आणि पुष्कळ वेळा कोणतेच कारण सापडत नाही. ज्या बाईचे बाळ काचेपलीकडे आहे, जिचे टाके अजून ओले आहेत, तिला ‘तू काय खाल्लेस’ असे विचारणे क्रूरपणाचे आहे. तिच्यासाठी उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे: पुढच्या खेपेस पहिल्याच तपासणीत मागच्या अवेळी प्रसूतीची माहिती डॉक्टरांना द्यावी, म्हणजे लघवीची तपासणी वेळेवर होते, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत मोजता येते आणि गरज असेल तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका यांचा विचार वेळीच करता येतो.